मांजराच्या पिल्लांचा कच्चा आहार : पोषणसंतुलन व पूरके

दूध सुटल्यापासून सुमारे वर्षाचे होईपर्यंत मांजराच्या पिल्लांना न शिजवलेले मांस, हाडे व अवयव यांवर वाढवण्याच्या पद्धतीला कच्चा आहार म्हणतात. अख्खी शिकार खाणाऱ्या मांजराला जे सहज मिळते आणि खाटकाकडून आणलेल्या मांसात जे नसते, ते मोजून परत घालणे म्हणजे या आहाराचे संतुलन होय. उंदीर खाणारे मांजर मांसाबरोबर हाडे, रक्त, यकृत, मेंदू, आतडी आणि केसही गिळते. बाजारातला खिमा हा त्या उंदराचा केवळ एक तुकडा असतो. त्यामुळे ‘पूरक’ हा शब्द येथे थोडा फसवा आहे. वरून दिलेले टॉनिक असा त्याचा अर्थ नसून काढून घेतलेल्या भागाची ती भरपाई असते.

मांजर हे अनिवार्यपणे मांसाहारी आहे. गाजरातील कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व तयार करणे, उन्हात बसून त्वचेत पुरेसे ड जीवनसत्त्व बनवणे, ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून गरजेपुरते नायसिन हे ब गटातील जीवनसत्त्व मिळवणे यांपैकी काहीच त्याच्या शरीराला साधत नाही. टॉरिन हे अमिनो आम्ल आणि अॅराकिडोनिक आम्ल हे मेदाम्लही त्याला प्राणिज अन्नातूनच घ्यावे लागते. मोठे मांजर साठ्यावर काही काळ तग धरते, पण पिल्लाजवळ असा साठा नसतो. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी लागतात. हे प्रमाण प्रौढ मांजराच्या गरजेच्या तिपटीहून अधिक आहे, आणि ती ऊर्जा हाडे व स्नायू उभारण्यात खर्च होत असते. म्हणूनच आहारातील जी चूक मोठ्या मांजराच्या बाबतीत वर्षभर लपून राहते, ती पिल्लाच्या बाबतीत काही आठवड्यांत उघडी पडते.

सर्वांत घातक व सर्वांत नेहमीची चूक कॅल्शियमची असते. एक किलो बिनहाडाच्या कोंबडीच्या मांसात फॉस्फरस सुमारे २ ग्रॅम, तर कॅल्शियम जेमतेम ०.१ ग्रॅम असते. म्हणजे हे गुणोत्तर जवळजवळ १ : २० पडते. वाढीच्या वयात ते १ : १ ते १.५ : १ यांच्या दरम्यान असावे लागते. नुसत्या मांसावर ठेवलेल्या पिल्लाच्या रक्तातील कॅल्शियम घसरू लागले की गळ्यातील परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथींचे संप्रेरक वाढते आणि ते हाडांतून कॅल्शियम ओढून काढते. या विकाराला पोषणजन्य दुय्यम अतिपरावटुता म्हणतात. कालपर्यंत पलंगावर उडी मारणारे पिल्लू आज पायथ्याशीच थांबते, उचलून घेताना ओरडते, मागचे पाय ओढत चालते. क्ष-किरण चित्रात हाडे आजूबाजूच्या मांसाइतकीच फिकट दिसतात आणि किरकोळ उडीनेही ती मोडलेली असतात. वेळीच आहार सुधारला आणि काही आठवडे पिंजऱ्यात विश्रांती दिली तर हाडे पुन्हा भरतात, मात्र वाकडा जुळलेला कणा किंवा अरुंद झालेली कंबर जन्मभर तशीच राहू शकते. घरच्यांना हे बहुधा उशिरा कळते, कारण नुसत्या चिकनवर वाढणारे पिल्लू तोवर चांगले गुटगुटीत आणि तुकतुकीत दिसत असते.

यावर घरगुती उपाय म्हणून अंड्याच्या टरफलाची भुकटी सांगितली जाते. त्या सल्ल्यात तथ्य आहे, पण तो अर्धवट आहे. एका अंड्याच्या स्वच्छ, वाळवलेल्या टरफलाची बारीक भुकटी सुमारे ६ ग्रॅम भरते व तिच्यातून २.३ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. वरील एक किलो मांसात ती मिसळली की गुणोत्तर १.२ : १ असे सुरेख जुळते. आता एकूण गरज पाहू. अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रकांच्या ‘आफ्को’ या संघटनेने वाढीच्या आहारासाठी प्रत्येक १,००० किलोकॅलरीमागे किमान २.५ ग्रॅम कॅल्शियम व २ ग्रॅम फॉस्फरस ठरवले आहे. किलोभर मांसातून सुमारे १,२०० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे त्यामागे ३ ग्रॅम कॅल्शियम व २.४ ग्रॅम फॉस्फरस हवे. टरफल आणखी वाढवून कॅल्शियमची तूट भरता येते, फॉस्फरस मात्र होता तिथेच राहतो, कारण टरफलात तो जवळजवळ नसतोच. प्रौढ मांजराला चालणारी ही सोय पिल्लाला अपुरी पडते ती अशी. हाडांच्या भुकटीत दोन्ही खनिजे असतात. पण ती खाद्यासाठी तयार केलेली असावी. रोपवाटिकेत बोनमील या नावाने मिळणारे खत हे अन्न नव्हे. हाडासकट दळलेल्या खिम्यात पुन्हा टरफल घालणे ही याच्या उलट टोकाची चूक होय. जादा कॅल्शियममुळे मलावरोध होतो आणि जस्तासारख्या खनिजांचे शोषण अडते.

टॉरिनचे महत्त्व तसे उशिरा उमगले. फ्रान्सिस पॉटेंजर या डॉक्टरांनी १९३२ ते १९४२ या काळात कॅलिफोर्नियात मांजरांवर प्रयोग केले. शिजवलेल्या मांसावरची मांजरे पिढ्यान्‌पिढ्या खुरटत गेली, आणि कच्च्या आहाराचे समर्थक आजही तो दाखला देतात. परंतु टॉरिन मांजराला अत्यावश्यक आहे हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. त्याच्या अभावी डोळ्याचा पडदा झिजतो हे १९७५ मध्ये, तर हृदयाचे स्नायू ताणून दुबळे होतात हे १९८७ मध्ये दाखवले गेले. कच्चेपणा हा काही टॉरिनचा विमा नव्हे, हे कॅलिफोर्नियातीलच डेव्हिस येथील विद्यापीठात पुढे झालेल्या एका अभ्यासाने दिसून आले. तेथे कोवळ्या मांजरांना अख्ख्या सशाचा दळलेला कच्चा खिमा दिला गेला. त्यांची विष्ठा सुधारली, अंगकाठी उत्तम दिसू लागली, आणि सुमारे दहा महिन्यांनी एक मांजर हृदयविकाराने अचानक दगावले. तपासणीत इतर अनेकांच्याही हृदयात टॉरिनच्या कमतरतेच्या खुणा सापडल्या.

टॉरिन पाण्यात विरघळते. आपल्याकडे खिमा नळाखाली दोन-तीनदा धुण्याची सवय आहे. माणसाच्या स्वयंपाकात ती रास्त असली तरी पिल्लाच्या वाटणीचे टॉरिन त्या पाण्याबरोबर मोरीत जाते. गोठवलेले मांस वितळताना सुटणारे पाणीही म्हणूनच खिम्यातच मिसळावे. हृदय व तंगडीच्या गडद मांसात टॉरिन भरपूर असते, छातीच्या पांढऱ्या मांसात बरेच कमी. ओल्या खाद्याचा आफ्कोचा निकष लावला तर वरील किलोभर मांसात निदान ०.६ ग्रॅम टॉरिन हवे. जास्तीचे लघवीवाटे निघून जात असल्याने शुद्ध टॉरिनची भुकटी थोडी हात सोडून घालण्यास हरकत नसते.

यकृताच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागतो. एकूण आहाराच्या सुमारे ५ टक्के कलेजीने अ जीवनसत्त्वाची गरज भागते. पण पिल्लांना कलेजी फार आवडते, ती स्वस्तही असते, आणि मग तीच रोजचे जेवण होऊन बसते. साचत गेलेल्या अ जीवनसत्त्वामुळे मानेच्या मणक्यांवर हाडाची वाढ होऊन मान ताठते आणि मांजराला अंग चाटून स्वच्छ करणेही जमेनासे होते. कलेजी देत असताना वर कॉड माशाच्या यकृताचे तेल देणे म्हणूनच अनाठायी ठरते. तेवढ्याच ओमेगा मेदाम्लांसाठी साधे मत्स्यतेल पुरते, पण ते वाढवले की ई जीवनसत्त्वही वाढवावे लागते, नाहीतर कातडीखालची चरबी पिवळी पडून सुजते. कच्च्या माशांपैकी कार्प, हेरिंग अशा काहींमध्ये थायामिनेज हे विकर असते व ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. मान छातीकडे झुकणे व झटके येणे ही त्या अभावाची लक्षणे आहेत. आयोडीन, मँगनीज व ड जीवनसत्त्व नुसत्या मांसात इतके थोडे असते की ती वेगळी घालावीच लागतात.

८० टक्के मांस, १० टक्के हाड व १० टक्के अवयव हे लोकप्रिय सूत्र यांतल्या निम्म्या गोष्टींची दखलच घेत नाही. परदेशी पाककृती जशाच्या तशा उचलण्यातही अडचण येते. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्याही कत्तलीवर बंदी असल्याने त्यांतील गोमांसाच्या जागी म्हशीचे किंवा बोकडाचे मांस घ्यावे लागते, आणि बोकडाच्या कलेजीतील अ जीवनसत्त्व कोंबडीच्या कलेजीहून पुष्कळच अधिक असते.

संतुलन साधले तरी जंतूंचा प्रश्न उरतोच. साल्मोनेला व लिस्टेरिया हे जीवाणू गोठवल्याने मरत नाहीत. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या पुटी मात्र खोल गोठवणात काही दिवसांत निकामी होतात. अमेरिकेतील पशुवैद्यक संघटनेने २०१२ पासून कच्चे प्राणिज अन्न न देण्याचीच भूमिका घेतली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या एच५एन१ बर्ड फ्लूने मेले आणि संशयाची सुई त्यांच्या खाण्यातील मांसाकडे वळली. त्याच हिवाळ्यात शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही हा विषाणू आढळला. घरात लहान मूल, गर्भवती किंवा आजारी माणूस असेल तर मांस शिजवून देणे अधिक शहाणपणाचे. शिजवल्याने खनिजांचा वरील हिशेब बदलत नाही. फक्त शिजलेली हाडे टोकदार तुकड्यांत फुटत असल्याने ती काढून टाकावीत, त्यांच्या जागी भुकटी मोजून घालावी, आणि टॉरिन उतरलेला रस्सा ओतून न देता मांसातच कालवावा.