पार्श्वभूमी : ‘अनावश्यक’ अमिनो आम्लं आणि कर्करोगाची पेशी

घरात कर्करोगाचं निदान झालं की कोल्हापुरात पहिली चर्चा ताटावर येते. पांढरा रस्सा बंद करायचा का? अंडी, म्हशीचं दूध चालेल का? ‘गुळानं गाठ वाढते’ या जुन्या भीतीत आता ‘अमिनो ॲसिडनं वाढते’ ही भर पडली आहे. अमिनो ॲसिड म्हणजे अमिनो आम्लं, अंडी-दुधातली प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक. या बोलण्यामागं थोडं खरं विज्ञान आहे, पण ते अर्धंच पोचलं आहे.

घोळ शब्दापासून सुरू होतो. १९३० च्या दशकात उंदरांना मोजूनमापून आहार देऊन अमिनो आम्लांची वाटणी झाली: अन्नातून मिळालीच पाहिजेत ती ‘आवश्यक’, शरीर स्वतः बनवतं ती ‘अनावश्यक’. हे नाव फार दुर्दैवी ठरलं. अनावश्यक म्हणजे ताटात नसली तरी चालतील एवढंच. पेशीला ती हवीच असतात. शिवाय ‘शरीर बनवतं’ याचा अर्थ प्रत्येक पेशी बनवते असा होत नाही, आणि पुढची सगळी गोष्ट याच फटीतून आली.

१९५३ मध्ये गिनीपिगच्या रक्तद्रवानं उंदरांमधल्या लसिका ग्रंथींच्या गाठी विरघळताना दिसल्या. घोड्याच्या किंवा सशाच्या रक्तद्रवानं तसं होईना. गिनीपिगच्या रक्तात ॲस्पॅराजीन हे अमिनो आम्ल तोडणारं विकर (एन्झाइम) असतं हे १९२२ पासून नोंदलेलं होतं. तरी दोन्हींचा संबंध जुळायला १९६० चं दशक उजाडलं. ॲस्पॅराजीन ‘अनावश्यक’ गटातलं. निरोगी पेशी ते स्वतः बनवतात. लहान मुलांच्या तीव्र रक्तकर्करोगातल्या बऱ्याच पेशींना ते पुरेसं बनवता येत नाही, त्या रक्तातूनच उचलतात. रक्तातलं तोडलं की त्या उपाशी मरतात. जिवाणूंपासून काढलेलं हे विकर १९७८ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं आणि आजही लेकरांच्या किमोत दिलं जातं.

‘अनावश्यक’ गटातल्याच ग्लुटामिन या दुसऱ्या अमिनो आम्लाची कथा इतकी सरळ नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना ते इतर अमिनो आम्लांपेक्षा कितीतरी जास्त लागतं, हे १९५५ मध्येच कळलं. पण आतड्याच्या आणि प्रतिकारशक्तीच्या पेशीही त्यावरच जगतात, त्यामुळं ते अडवणारी जुनी औषधं रुग्णांना सोसली नाहीत.

२०१८ मध्ये आहारातलं ॲस्पॅराजीन कमी केल्यावर उंदरांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा फैलाव घटल्याचं दिसलं, आणि पथ्याच्या अफवांना जोर आला. तो प्रयोग उंदरांवरचा होता. माणसाचं खाणं तुटलं की शरीर आपलेच स्नायू मोडून रक्तात अमिनो आम्लं सोडतं. अंडी बंद केल्यानं गाठ उपाशी राहील याची खात्री नाही, रुग्णाचे दंड मात्र उतरतात.