रंग दोन्हीकडे, कारण वेगळे : अपस्करण आणि विवर्तनाची पार्श्वभूमी

दहावीत लोलक भेटतो, बारावीत बारीक फट. दोन्हींमुळे पडद्यावर रंग उमटतात आणि घोटाळा तिथेच होतो. काचेसारख्या पदार्थातून जाताना रंग वेगवेगळे वळून सुटे होतात, ते अपस्करण; कडेशी किंवा फटीतून जाताना प्रकाश वळून पसरतो, ते विवर्तन. सीडीवर चमकणारे रंग अपस्करणाचे, असे उत्तर अभ्यासू मुलेही देतात; खरे तर ते विवर्तनाचे. या दोन गोष्टी वेगळ्या कशा, हे उलगडायला शास्त्रज्ञांनाही दीडशेहून अधिक वर्षे लागली. तो प्रवास एकदा समजला की व्याख्या पाठ करण्याची गरज उरत नाही.

बोलोन्याचा जेझुइट पाद्री फ्रान्चेस्को ग्रिमाल्दी याने अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून ऊन आत घेतले आणि त्या झोतात एक वस्तू धरली. प्रकाश सरळ रेषेत जातो असे मानून जेवढी सावली यायला हवी, त्याहून ती रुंद पडली. शिवाय कडेला रंगीत पट्टे दिसले. ही नोंद असलेला त्याचा ग्रंथ १६६५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाला. विवर्तनाची पहिली नीट नोंद ती हीच.

त्याच सुमारास न्यूटन लोलक घेऊन बसला होता. छिद्र गोल, सूर्य गोल, तरी २२ फुटांवरच्या भिंतीवर पडलेला पट्टा रुंदीच्या पाचपट लांब! प्रत्येक रंग काचेत वेगवेगळ्या प्रमाणात वळतो, हा त्याचा निष्कर्ष १६७२ मध्ये छापून आला. कडेजवळच्या पट्ट्यांकडेही त्याने पाहिले, पण १७०४ च्या 'ऑप्टिक्स' ग्रंथात तो भाग अर्धवटच राहिला.

यानंतरची गोष्ट फिलाडेल्फियातली आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. फ्रान्सिस हॉपकिन्सन यांनी एका संध्याकाळी रेशमी रुमाल डोळ्यांसमोर धरून दूरच्या रस्त्यावरचा दिवा पाहिला. रुमालाचे धागे जाड तारांसारखे दिसले आणि रुमाल हलवला तरी काळ्या रेघा जागच्या हलेनात. त्यांनी खगोलज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांना कारण विचारले. रिटनहाउस यांनी पितळी तारेवर अतिशय बारीक आटे पाडून घेतले, इंचाला १०६. त्या आट्यांत पन्नास-साठ केस समांतर ताणून त्यांनी अर्ध्या इंचाची चौकट केली आणि तिच्यातून खिडकीच्या झडपेतली चिंचोळी फट न्याहाळली. मध्ये उजळ रेघ, दोन्ही बाजूंना रंगीत रेघांच्या जोड्या. त्यांनी रंगांचा क्रमही टिपला : तांबडा जास्त वळतो, निळा कमी. लोलकात याच्या बरोबर उलट घडते. हे निरीक्षण १७८६ मध्ये छापले गेले, तरी पुढची कितीतरी वर्षे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, याची हळहळ वाटते. दोन घटनांना वेगळे करणारी खूण त्यातच होती.

त्या खुणेचा अर्थ लागला तो प्रकाश म्हणजे तरंग, या सिद्धांतामुळे. अडथळ्याच्या कडेशी किंवा फटीतून तरंग पसरतो आणि हे पसरणे तरंगलांबीवर ठरते. तांबड्याची तरंगलांबी सुमारे ७०० नॅनोमीटर, जांभळ्याची ४००. म्हणून केसांच्या त्या चौकटीसारख्या जाळीतून तांबडा जास्त वळतो. १८१८ मध्ये फ्रेंच अभियंता फ्रेनेलने हे गणितात मांडले. गोल चकतीच्या सावलीच्या मधोमध उजळ ठिपका पडायला हवा, असा त्यातून निघणारा निष्कर्ष गणितज्ञ प्वासाँने आक्षेप म्हणून पुढे केला. अरागोने प्रयोग केला आणि ठिपका खरोखरच दिसला. १८२१ च्या सुमारास फ्राउनहोफरने बारीक तारांची जाळी वापरून तरंगलांबी मोजायला सुरुवात केली.

पण विवर्तन तरंगवाद्यांचा, म्हणजे प्रकाशाला तरंग मानणाऱ्यांचा, हुकमी पुरावा ठरत असतानाच अपस्करण त्यांच्या गळ्यातले लोढणे झाले होते. एकाच माध्यमात सगळ्या रंगांचा वेग सारखाच असायला हवा, असे त्यांचे साधे गणित सांगे. काच मात्र ते मानत नव्हती. साध्या काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती पट मंदावतो ते सांगणारा आकडा) तांबड्यासाठी साधारण १.५१, तर जांभळ्यासाठी १.५३, म्हणजे जांभळा काचेत अधिक सावकाश जातो आणि जास्त वळतो. फ्रेंच गणितज्ञ कोशीने १८३० च्या दशकात अपवर्तनांक तरंगलांबीशी जोडणारे सूत्र दिले, तेही पुरले नाही. १८७० मध्ये क्रिस्टियानसेनला फुक्सिन या रंगद्रव्याच्या द्रावणात रंगांचा क्रमच बिघडलेला आढळला. त्यानंतर झेल्मायरने उलगडा केला : पदार्थातील कणांना स्वतःची कंपन-वारंवारता असते आणि येणाऱ्या तरंगाची वारंवारता तिच्या जवळ गेली की त्याचा वेग झपाट्याने बदलतो.

म्हणजे प्रकाशाचे अपस्करण घडते पदार्थामुळे. निर्वात पोकळीत ते होत नाही. विवर्तनाला पदार्थातून जावे लागत नाही, कड किंवा फट पुरते आणि एकाच रंगाचा प्रकाश असला तरी चालते. आवाजात तर हे दोन्ही सहज वेगळे करता येतात. ३४० हर्ट्झच्या स्वराची हवेतील तरंगलांबी सुमारे एक मीटर, जवळपास दाराएवढी. म्हणून शेजारच्या खोलीतले बोलणे दाराआडूनही ऐकू येते. हे विवर्तन. अपस्करण मात्र हवेत जवळजवळ नाहीच, त्यामुळे मैफलीत शेवटच्या रांगेलाही तबल्याचा डग्गा आणि तानपुऱ्याचा झणकार एकाच वेळी पोहोचतो.