नॉन-रिटर्न डॅम्पर आहे, मग वायू उलटा येणार नाही?

नॉन-रिटर्न डॅम्पर, म्हणजे वायूला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवला की चिमणीतला वायू ब्लोअरकडे (वायू चिमणीत ढकलणाऱ्या पंख्याकडे) परत येतच नाही, हा समज कारखान्यांत वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. एकाच चिमणीला अनेक ब्लोअर जोडलेले असले, तर बंद ब्लोअर म्हणजे उघडी वाटच. चालू ब्लोअरचा दाब वायू तिकडे ढकलतो. डॅम्परची झडप बिजागरीवर हलते. तिथे गंज चढला, धूळ साचली की ती अर्धवट उघडी अडकते आणि बाहेरून पत्ताही लागत नाही. बंद पंखा उलटा फिरताना दिसला तर झडप गळतेय असंच समजा. तो तसाच सुरू केला तर मोटर आणि शाफ्टवर प्रचंड ताण येतो. म्हणून ब्लोअरशी इंटरलॉक केलेला, म्हणजे ब्लोअर थांबला की आपोआप बंद होणारा, वेगळा शट-ऑफ डॅम्पर हवा. माणूस ब्लोअरच्या आत उतरणार असेल, तर मात्र त्यावरही विसंबू नका. ब्लाइंड प्लेटच, म्हणजे वाट पूर्ण बंद करणारी भरीव पट्टीच, लावा.