विसरण्याच्या दोन रक्ततपासण्या: बी १२ वेगळी, पी-टाऊ वेगळी

‘अल्झायमर आता रक्तावरून कळतो’ ही बातमी खानापूर-निपाणीकडच्या मोबाईलवरही पोचली आहे. मग मुलं आईला, आज्जाला बेळगावला आणतात आणि लॅबमध्ये ‘विसरण्याची रक्ततपासणी’ मागतात. रक्त दोन्हीकडे दंडातल्या शिरेतूनच घेतात, म्हणून घोळ होतो. पण या नावाखाली दोन निराळ्या गोष्टी येतात.

पहिली जुनी, स्वस्त आणि तालुक्याच्या गावातही होणारी: बी १२, थायरॉईडची टीएसएच, हिमोग्लोबिन, साखर, सोडियम. विसरण्यामागे दुरुस्त होण्यासारखं काही आहे का, एवढंच ती पाहते. मला हीच जास्त महत्त्वाची वाटते. माळकरी घरात मांस, मासे, अंडी वर्ज्य, दूधही बेताचंच. त्यात साखरेसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोजची गोळी. या तिन्ही गोष्टींनी शरीरातलं बी १२ खाली येऊ शकतं. मग विसरण्याबरोबर पायांना मुंग्या येतात, जीभ सोलल्यासारखी होते, अंधारात तोल जातो. वेळेत इंजेक्शनं किंवा गोळ्या सुरू झाल्या तर माणूस बराच सावरतो. फार उशीर झाला तर काही नुकसान तसंच राहतं.

मात्र बी १२ कमी निघालं म्हणजे कारण सापडलंच असं नाही. आपल्याकडे ही कमतरता इतकी सर्रास आहे की ती आणि अल्झायमर एकाच माणसात सहज असू शकतात. म्हणून इंजेक्शनांचा कोर्स झाल्यावर स्मरणशक्ती पुन्हा तपासून घ्यावी.

दुसरी तपासणी नवी, खास अल्झायमरची खूण शोधणारी: पी-टाऊ २१७. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये एका रुग्णाच्या मेंदूत जे थर आणि गुंते दाखवले, त्यांतले थर अमायलॉइड या प्रथिनाचे आणि गुंते टाऊचे. अमायलॉइड साठू लागलं की टाऊचं एक बदललेलं रूप, म्हणजे पी-टाऊ २१७, रक्तात वाढतं, आणि ते आता मोजता येतं. पूर्वी यासाठी पाठीच्या कण्यातून पाणी काढावं लागे किंवा मेंदूचा महागडा पेट स्कॅन करावा लागे. अमेरिकेच्या औषध नियामकाने मे २०२५ मध्ये अशा पहिल्या रक्ततपासणीला परवानगी दिली. ती लक्षणं दिसणाऱ्या आणि तज्ज्ञांकडे आलेल्या लोकांसाठी आहे.

हे ‘लक्षणं दिसणाऱ्या’ विसरू नका. अमायलॉइड लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीपासून साठत असतं आणि कित्येकांना त्याचा त्रास आयुष्यभर होत नाही. धडधाकट माणसाने हौसेने तपासणी केली तर घरात नुसती भीती येईल. मूत्रपिंडाचा जुना आजार असेल तरी आकडा वाढलेला दिसू शकतो. आणि लकव्याच्या छोट्या झटक्यांमुळे स्मृती गेली असेल, तर त्याबद्दल ही तपासणी काहीच सांगत नाही.

या दोन्हींच्या आधी डॉक्टर प्रश्न विचारून स्मरणशक्ती तपासतात: तारीख, वार, तीन शब्द लक्षात ठेवणं, १०० मधून ७ वजा करत जाणं. इथे आपल्या भागाची खास अडचण आहे. बाहेरगावचा तरुण डॉक्टर कन्नडमधून किंवा इंग्रजीतून विचारतो. जिचं सगळं आयुष्य मराठीत गेलं ती आज्जी गप्प बसते आणि तिचे गुण कापले जातात. इंग्रजी तारीख तिला सांगता येणार नाही, पण परवा एकादशी आहे हे पक्कं ठाऊक असतं. ती शाळेत किती शिकली हेही डॉक्टरांना सांगा आणि प्रश्न मराठीतून विचारण्याचा आग्रह धरा.

जाताना चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, आणि पहिल्यांदा काय बदललं ते लिहून ठेवा: पैशांचा हिशेब चुकला, ओळखीची वाट चुकली, की स्वयंपाकात मीठ दोनदा पडलं. मात्र दोन दिवसांपूर्वी ठीक असलेला माणूस एकाएकी बरळू लागला, तर यातल्या कुठल्याच रिपोर्टची वाट पाहू नका. ताप, लघवीतला संसर्ग, सोडियम उतरणं किंवा लकवा असू शकतो. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.