लाल भोपळा मऊ होतो तेव्हा

उन्हाळा लागला, सोसायटीत पाण्याचे टँकर यायला लागले आणि माझ्या भाचीच्या घरी बाळाचं गाजर शिजेनासं झालं. उष्टावण फेब्रुवारीत झालं होतं. तेव्हा दहा-बारा मिनिटांत बोटांनी चिरडता येणाऱ्या फोडी एप्रिलमध्ये वीस मिनिटं उकळूनही चिवटच राहायच्या. गाजरं जून आली असतील म्हणून तिने मंडईतून दुसरी आणली, तरी तेच. दोष गाजरांचा नव्हता, पाण्याचा होता.

भाजी मऊ होते म्हणजे नेमकं काय होतं, हे कळलं की बाळासाठी प्युरी करण्यातलं बरंच काही उलगडतं. वनस्पतीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. राजगिऱ्याच्या लाडवात गुळाचा पाक दाणे धरून ठेवतो, तसंच. उष्णतेने पेक्टिनच्या लांब साखळ्या तुटतात, पाण्यात विरघळतात आणि पेशी एकमेकींपासून सुट्या होतात. कॅल्शियम मात्र याच साखळ्या एकमेकींना जखडून ठेवतं. टँकरचं पाणी बहुधा बोअरचं असतं. खडकांतून झिरपताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. तशा पाण्यात डाळ शिजत नाही हे आपल्या आज्यांना माहीत होतंच. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधी घातला तर भाजी कडक राहते, तेही पेक्टिनमुळेच. आम्लात त्याच्या साखळ्या सावकाश तुटतात.

उपाय घरातच होता, माळ्यावर ठेवलेलं मोदकपात्र. पाण्याची वाफ होते तेव्हा क्षार खालीच राहतात, म्हणून वाफेवर शिजणाऱ्या गाजराला अशा क्षारांच्या, म्हणजे जड पाण्याचा त्रास होत नाही. शिवाय क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं आहे. फोडी उकळल्या की ते पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण ओतून देतो. वाफवताना हे नुकसान बरंच कमी होतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० नाही तर सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळतं. वाफवायला दोन-तीन मिनिटं जास्त लागली तर लागू द्यावीत. कुकरमध्ये दाबामुळे तापमान बरंच वर जातं आणि काम लवकर होतं. तिथे फोडी पाण्यात न बुडवता वेगळ्या डब्यात ठेवाव्यात.

आता मिक्सर. इथे माझं मत ठाम आहे. लाल भोपळा, गाजर, सफरचंद, पेअर मिक्सरमधून खुशाल काढावं, बटाटा मात्र काढू नये. शिजलेल्या बटाट्याच्या पेशी फुगलेल्या पिष्टाने टच्च भरलेल्या असतात. मिक्सरचं पातं त्या फोडतं, पिष्ट बाहेर येतं आणि वाटीत खळ तयार होते. बाळाच्या टाळूला ती चिकटते. पुरणयंत्रात किंवा पुरणाच्या चाळणीवर तोच बटाटा घोटला तर पेशी बऱ्याच अंशी अखंड राहून नुसत्या सुट्या होतात आणि गर मऊसूत निघतो. रताळ्यालाही हेच बरं. होळीनंतर कपाटात गेलेलं पुरणयंत्र घरात बाळ असेल तर बाहेरच ठेवावं.

गाजर आणि भोपळ्याच्या बाबतीत मात्र पेशी फुटणं फायद्याचं असतं. त्यांतलं केशरी बीटा-कॅरोटीन शरीरात गेल्यावर अ जीवनसत्त्व बनतं, पण कच्च्या गाजरात ते पेशींच्या आत बंदिस्त असतं. शिजवून बारीक केलं की ते सुटं होतं. ते स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून वाटीत अर्धा चमचा साजूक तूप हवंच. रोज वाटी-वाटी गाजर दिलं तर बाळाच्या तळहातांवर पिवळसर झाक येऊ शकते. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर ते बहुतेक वेळा कॅरोटीनच असतं. डोळेही पिवळे दिसले तर कावीळ असू शकते, लगेच डॉक्टर गाठावेत.

प्युरीची सर्वांत मोठी उणीव मला वाटतं आपल्याकडे दुर्लक्षित राहते. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम २०० मिलिलिटर मावतं. दुधी भोपळ्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं. नुसत्या दुधीच्या प्युरीने पोट भरतं, पण बाळाला मिळतं फार थोडं. लोह तर फळं-भाज्यांतून अगदीच कमी, आणि जन्माआधी साठवलेलं लोह साधारण सहाव्या महिन्यापासून संपत येतं. म्हणून भोपळ्याच्या जोडीला मुगाचं घट्ट वरण हवं, चालत असेल तर अंडं किंवा मासा हवा. वरणावर लिंबाचे दोन थेंब पिळले तर क जीवनसत्त्वामुळे डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं.

दाट खीर बाळाला गिळवत नाही आणि पाणी घालून पातळ केली तर तिचा कस जातो. यावर आपल्याकडे जुनी युक्ती आहे, मोड आणून, वाळवून, दळलेल्या नाचणीची. मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर तयार होतं. दाट खीर गॅसवरून उतरवून जराशी निवली की त्यात असं चमचाभर पीठ ढवळायचं. अमायलेज पिष्टाच्या साखळ्या तोडतं आणि खीर पाण्याशिवाय सैल होते. उकळत्या खिरीत घातलं तर विकरच मरतं, आणि पीठ फार खरपूस भाजलेलं असेल तरीही. खीर सैल झाली की मग तिला पुन्हा एक उकळी येऊ द्यावी, म्हणजे पीठ शिजतं आणि जंतूही मरतात.

साठवण्याबद्दल थोडक्यात. प्युरी ओलसर, पौष्टिक आणि बिनमिठाची असते, जंतूंना हवी तशी. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये ती ओट्यावर तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. फ्रिजमध्ये एक दिवस, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून महिनाभर. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, म्हणून नंतर चांगली वाफ येईपर्यंत गरम करावी. उष्टी वाटी परत ठेवू नये. पालक आणि बीट यांची प्युरी ताजीच द्यावी. त्यांत नायट्रेट जास्त असतं, शिळ्या प्युरीत जंतू त्याचं नायट्राइट करतात आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होऊ शकते. वर्षाच्या आत मध नको, उष्टावणातही नको आणि गुटीतही नको. त्यातल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमच्या बीजाणूंपासून बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं.

आणि हे सगळं गुळगुळीत प्रकरण थोड्याच महिन्यांचं असावं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या हजारो मुलांच्या वाढीची नोंद ठेवली गेली. ज्यांना गुठळ्या असलेलं अन्न नऊ महिन्यांनंतर सुरू झालं, ती सातव्या वर्षी फळं-भाज्या कमी खात होती आणि जेवणाच्या तक्रारीही त्यांच्यातच जास्त होत्या. जीभ अन्न दाढांच्या जागेकडे सरकवायला शिकते ती याच काळात, आणि त्यासाठी तोंडात सरकवण्यासारखं काहीतरी लागतं. म्हणून आठव्या महिन्यात मिक्सर ठेवून द्यावा आणि काटा हातात घ्यावा. भोपळा कुस्करलेला, केळं चिरडलेलं, भात गुरगुट्या. कच्चं गाजर, अख्खं द्राक्ष आणि शेंगदाणे मात्र नकोत, ते घशात अडकतात. एखादी भाजी थुंकली तर आठ-दहा वेळा, वेगवेगळ्या दिवशी, पुन्हा चमचाभर द्यावी. नावडती भाजी अशीच अंगवळणी पडते.

भाचीची मुलगी आता वर्षाची होत आली आहे. तिच्यासाठी वेगळं काही शिजत नाही. सगळ्यांच्या भाजीत तिखट-मीठ पडायच्या आधी तिची वाटी बाजूला निघते, वर तुपाची धार पडते, आणि फोडी ती स्वतःच बोटांनी चिरडते.