इगतपुरीच्या अलीकडची इंजिने : मुंबईच्या डीसी मार्गावरील दुर्मिळ विद्युत इंजिनांची पार्श्वभूमी

मुंबई–इगतपुरी आणि मुंबई–पुणे या मार्गांवर मेल-एक्स्प्रेस गाड्या ओढणाऱ्या जुन्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणाऱ्या) इंजिनांविषयी रेल्वेप्रेमी आजही भरभरून बोलतात. त्यांच्या आठवणींच्या केंद्रस्थानी बहुधा डब्ल्यूसीएम ही, प्रवासी आणि माल अशी दोन्ही कामे करणाऱ्या डीसी इंजिनांची मालिका असते. या मालिकेतील पाचही प्रकारांची सगळी इंजिने मोजली, तर बेरीज जेमतेम ५० भरते. डब्ल्यूसीएम-३ या प्रकाराची तर केवळ ३ इंजिने होती. एवढी मोजकी, परस्परांपासून बरीच भिन्न आणि देशात अन्यत्र कोठेही न धावणारी ही इंजिने चार दशके महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाच्या गाड्यांच्या पुढे कशी टिकली, याचे उत्तर इंजिनांच्या रचनेत थोडे आणि डोक्यावरच्या तारेविषयी घेतल्या गेलेल्या निर्णयांत अधिक सापडते.

१९२५ च्या पहिल्या विद्युत लोकलनंतर काही वर्षांतच, १९२९–३० मध्ये, १,५०० व्होल्टची डीसी तार दोन्ही घाट चढून पुणे आणि इगतपुरीपर्यंत पोहोचली. प्रवासी गाड्यांसाठी वेगवेगळ्या रचनेची तीन नमुना इंजिने चालवून पाहण्यात आली. त्यांतील एक रचना (पुढची डब्ल्यूसीपी-१) पसंत पडून तिची आणखी इंजिने मागवण्यात आली, आणि जून १९३० मध्ये सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला पहिल्या दिवसापासून विजेचेच इंजिन मिळाले. उरलेले दोन नमुने एकेकटेच राहिले. मालगाड्यांसाठी आणि घाटात बँकर (गाडीला मागून ढकलणारे जादा इंजिन) म्हणून आलेला, पुढे डब्ल्यूसीजी-१ म्हटला गेलेला प्रकार मात्र लोकांच्या तोंडी ‘खेकडा’ या नावानेच राहिला. त्याच्या मोटरी चाकांच्या आसांवर नव्हत्या. त्या फिरवत असलेल्या आडव्या दांड्यावरून बाहेरच्या लोखंडी भुजा चाकांना ओढत असत, त्यामुळे फलाटावर उभे राहून पाहणाऱ्याला विजेच्या इंजिनात वाफेच्या इंजिनासारखी वरखाली होणारी हालचाल दिसे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही इंजिने मुंबईत गाड्यांचे रिकामे डबे फलाटावर आणण्या-नेण्याचे काम करीत होती. पन्नाशीपुढच्या अनेकांनी खेकडा पाहिला तो याच रूपात. त्याचे घाटातले उमेदीचे दिवस पाहिलेली पिढी आता जवळजवळ उरलेली नाही.

पन्नासच्या दशकात परिस्थिती पालटली. १९५४–५५ मध्ये ब्रिटनहून आलेली ७ डब्ल्यूसीएम-१ इंजिने ही सहाही आसांना मोटरी असलेली, प्रवासी आणि माल अशी दोन्ही कामे करणारी नव्या धाटणीची इंजिने होती. त्यांच्यामागून आलेल्या १२ डब्ल्यूसीएम-२ आणि ३ डब्ल्यूसीएम-३ इंजिनांची हकीकत अधिक गुंतागुंतीची आहे, कारण ती मुळात मुंबईसाठी नव्हतीच. कोलकात्याच्या परिसरात ३,००० व्होल्ट डीसी पद्धतीने विद्युतीकरण सुरू झाले होते आणि ही १५ इंजिने त्या तारेखाली चालण्यासाठी बांधली गेली. डिसेंबर १९५७ मध्ये हावड्याहून त्या पद्धतीची पहिली गाडी सुटली, पण त्याच सुमारास देशातील पुढचे सर्व विद्युतीकरण २५,००० व्होल्ट एसी (दिशा सतत बदलणाऱ्या विजेच्या) पद्धतीने करण्याचे ठरले. साहजिकच ३,००० व्होल्टची व्यवस्था जन्मतःच कालबाह्य झाली आणि नव्या कोऱ्या इंजिनांना चालायला मार्गच राहिला नाही. मग त्यांच्यात फेरफार करून त्यांना १,५०० व्होल्टवर चालण्याजोगे करण्यात आले आणि ती मुंबईकडे पाठवण्यात आली. म्हणजे मुंबईतील रेल्वेप्रेमी ज्या इंजिनांना आपली मानतात, त्यांतील काही इंजिने एका फसलेल्या योजनेतून इकडे आलेली आहेत. १९६० मध्ये जपानहून ७ डब्ल्यूसीएम-४ आली. त्यानंतर चित्तरंजनच्या कारखान्यात बांधलेल्या २१ डब्ल्यूसीएम-५ इंजिनांनी मालिका पूर्ण झाली. त्यांतील पहिले, ‘लोकमान्य’ नावाचे इंजिन ऑक्टोबर १९६१ मध्ये सेवेत आले आणि ते चित्तरंजनला बांधलेले पहिलेच विद्युत इंजिन होते.

खरा वादाचा मुद्दा यानंतरचा आहे. साठच्या दशकाच्या शेवटी भुसावळकडून एसी तार इगतपुरीला येऊन थांबली आणि इगतपुरी हे दोन वीजपद्धतींच्या सीमेवरचे स्थानक बनले. तिकडे गुजरातकडून आलेली एसी तार विरारला थांबली. पश्चिमेच्या मार्गावर यावर १९७५ पासून तोडगा काढण्यात आला तो दोन्ही तारांखाली चालणाऱ्या डब्ल्यूसीएएम-१ इंजिनांचा. अशी ५३ इंजिने बांधली गेली. विरारजवळ तारेचा निर्जीव तुकडा ओलांडताना चालकाने इंजिनाची पद्धत बदलायची आणि गाडी न थांबता पुढे न्यायची, इतके ते सोपे झाले. मध्य रेल्वेच्या मार्गावर मात्र इगतपुरीला प्रत्येक गाडीचे इंजिन बदलण्याची पद्धत पुढची दोन दशके तशीच चालू राहिली. हा निर्णय, किंवा निर्णय न घेणे, योग्य होते का, यावर रेल्वेप्रेमींमध्ये आजही एकमत नाही.

टीका करणाऱ्यांचे म्हणणे उघड आहे आणि ते निराधारही नाही. प्रत्येक गाडी अडून राहते, यार्डात दोन्ही पद्धतींची इंजिने वाट पाहत उभी राहतात, आणि गाड्यांची संख्या वाढत गेली तशी इगतपुरीची अडचण सगळ्या मार्गाला भोवू लागली. तरीही दोन मार्गांची तुलना करताना एक गोष्ट बहुतेकदा सुटते. पश्चिमेचा डीसी भाग विरारपर्यंतचा, सुमारे ६० किलोमीटरचा आणि सपाट होता. मध्य रेल्वेचा डीसी भाग इगतपुरीपर्यंत सुमारे १३६ किलोमीटरचा, आणि त्याच्या टोकाशी ३७ फुटांना १ फूट चढणारा थळ घाट. डब्ल्यूसीएएम-१ एसी तारेखाली सुमारे ३,६४० अश्वशक्ती देत असे, तर डीसी तारेखाली सुमारे २,९०० च. शिवाय डीसी भागात ट्रान्सफॉर्मरचे निरुपयोगी ओझे त्याला वाहावे लागे ते वेगळेच. म्हणजे जेथे जोर सर्वाधिक लागणार, नेमके तेथेच हे इंजिन सर्वांत दुबळे ठरले असते. त्यातच, घाटासाठी कसाऱ्याला मागे लावलेले बँकर काढण्यासाठी चढणारी गाडी इगतपुरीला थांबणारच होती, आणि उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक घाटात शिरण्यापूर्वी तपासावेच लागत होते. थांबा अटळ असेल, तर त्या थांब्यात इंजिन बदलून घेण्यात फारसे नुकसान नव्हते. पुण्याकडे तर दुहेरी इंजिनाचा उपयोगच नव्हता, कारण पुण्याच्या पुढे तार नव्हती आणि तेथे डिझेल इंजिन लावावे लागे. सत्तरच्या दशकातील उपलब्ध तंत्राचा विचार करता इगतपुरीची पद्धत शहाणपणाची होती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या पद्धतीचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की इगतपुरी आणि पुणे यांच्या अलीकडचा प्रदेश विद्युत इंजिनांच्या दृष्टीने एक बेट बनला. बाहेरचे एसी इंजिन आत येऊ शकत नव्हते आणि आतले डीसी इंजिन बाहेर जाऊ शकत नव्हते. त्यामुळे कल्याणच्या शेडला जी काही डीसी इंजिने होती, त्यांच्यावरच सगळा भार होता, आणि ३ इंजिनांचा प्रकार असो वा २१ इंजिनांचा, प्रत्येकाला सुटे भाग जमवून चालते ठेवणे भाग होते. डेक्कन क्वीनला आज कोणते इंजिन लागेल, ही उत्सुकता यातूनच जन्माला आली. एखादे इंजिन ऐनवेळी नादुरुस्त झाले की मालगाड्यांसाठी सत्तरच्या दशकात बांधलेले डब्ल्यूसीजी-२ प्रवासी गाडीला लावले जाई. या प्रकाराची ५७ इंजिने होती, म्हणजे संख्येने ती मुळीच दुर्मिळ नव्हती. पण डब्यांच्या पुढे असे इंजिन दिसणे ही रेल्वेप्रेमींना वहीत टिपून ठेवण्याजोगी गोष्ट वाटे.

इगतपुरीच्या फलाटावर हा सगळा व्यवहार उघड्यावर चाले. मुंबईहून आलेले डब्ल्यूसीएम थांबल्यावरही त्याच्या रेझिस्टन्स (मोटरींकडे जाणारा प्रवाह सुरुवातीला रोखणारे अडथळे) थंड करणाऱ्या पंख्यांची घरघर आणि तापलेल्या धातूचा वास काही वेळ रेंगाळत असे. कर्मचारी डबा आणि इंजिन यांच्यामधल्या अरुंद जागेत शिरून होसपाइप सोडवी, कपलिंगचा स्क्रू फिरवून सैल करी आणि जड कडी उचलून बाजूला टाकी. इंजिन पुढे सरकून रूळ बदलून निघून गेले की दुसरीकडून एसी इंजिन हळूहळू मागे येई आणि त्याच्या टेकण्याचा हलका धक्का शेवटच्या डब्यापर्यंत जाणवे. डीसी इंजिनाचा स्वभाव गाडीत बसूनही कळत असे. एकेक नॉच (वेग वाढवण्याचा टप्पा) घेताना रेझिस्टन्स टप्प्याटप्प्याने बाहेर पडत आणि प्रत्येक टप्प्यागणिक डब्याला बारीक हिसका बसे.

आठवणींच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. कॅमेरे हाती आले ते ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत, त्यामुळे आज उपलब्ध असलेली बहुतेक छायाचित्रे आणि नोंदी या इंजिनांच्या उतारवयातील आहेत. त्यांवरून डब्ल्यूसीएम म्हणजे थकलेले, वारंवार बिघडणारे इंजिन असा समज रूढ झाला. साठच्या दशकात, नवी असताना त्यांनी केलेल्या कामाची दृश्य साक्ष फारच तुटपुंजी आहे.

नव्वदच्या दशकात परिस्थिती झपाट्याने बदलली. गाड्या लांब आणि जड झाल्या, १,५०० व्होल्टच्या तारेतून त्यांना पुरेल इतका विद्युतप्रवाह देणे अवघड होत गेले आणि मुंबईची डीसी व्यवस्था मोडून एसी आणण्याचे काम हाती घेण्यात आले. हे काम वर्षानुवर्षे चालणार होते, म्हणून मधल्या काळासाठी दुहेरी इंजिनांची नवी पिढी बांधली गेली. १९९७–९८ मध्ये आलेली ५३ डब्ल्यूसीएएम-३ इंजिने एसीखाली ५,००० आणि डीसीखाली ४,६०० अश्वशक्तीची होती. घाटात दुबळे पडण्याचा जुना आक्षेप त्यांना लागू होत नव्हता, आणि मुंबईहून निघालेले इंजिन इगतपुरी ओलांडून थेट पुढे जाऊ लागले. त्याबरोबर डब्ल्यूसीएम मालिकेच्या हातून मेल-एक्स्प्रेस गाड्या एकामागून एक सुटत गेल्या.

पश्चिम रेल्वेवरची डीसी तार २०१२ मध्ये संपली. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचा शेवटचा डीसी टप्पा, कुर्ला ते मुंबई, जून २०१५ मध्ये एसीवर गेला आणि पुढच्या वर्षी हार्बर मार्गही त्याच वाटेने गेला. त्यानंतर डब्ल्यूसीएएम-३ इंजिने केवळ एसीवर चालत राहिली. घाटातील बँकरपासून मुंबई–पुणे गाड्यांपर्यंत त्यांनी पुढेही काम केले, पण ती ज्यासाठी बांधली होती तो दुहेरीपणा आता उपयोगाचा राहिला नाही. जुन्या काळातील इंजिनांपैकी प्रवासी गाड्यांचे डब्ल्यूसीपी-१ आणि ‘खेकडा’ यांचे प्रत्येकी एक इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहे.