गाठ शिरेला चिकटली, म्हणजे नेमकं काय?

अमळनेर-पारोळ्याकडच्या घरात स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा रिपोर्ट आला, की त्यातलं एकच वाक्य घरभर फिरतं: "गाठ शिरले चिकटेल शे, आते काय करानं?" बहुतेक जण त्याचा अर्थ 'आता ऑपरेशन होणार नाही' असाच धरतात. एकेकाळी डॉक्टरही तसाच धरत. आज मात्र आधी विचारायचं ते हे, की कोणत्या रक्तवाहिनीला आणि किती?

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं असतं. त्याच्या मानेमागे आतड्यांकडून आणि प्लीहेकडून येणाऱ्या शिरा एकत्र होतात, चांगदेवला तापी-पूर्णा होतात तशा. पुढे यकृताकडे जाते ती पोर्टल व्हेन. यकृताला मिळणारं सुमारे 75 टक्के रक्त हिच्यातून जातं, म्हणून ती नुसती बांधून मोकळं होता येत नाही. आणि स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ वाढली, की शेजारीच असलेली ही शीर तिच्या तावडीत सापडते.

हे डोकं काढण्याच्या ऑपरेशनला अॅलन व्हिपल यांचं नाव आहे. त्यांनी 1935 मध्ये न्यूयॉर्कमधून त्याची माहिती प्रसिद्ध केली. गाठीबरोबर शिरेचा तुकडाही काढावा, हा विचार त्याच शहरातल्या जोसेफ फोर्टनर यांनी 1973 मध्ये ठामपणे मांडला. तेव्हा त्यातले धोके फार होते.

आता शिरेची कड थोडीच धरली असेल तर तेवढीच कापून टाके घालतात किंवा ठिगळ लावतात. पूर्ण वेढा असेल तर तुकडा काढून दोन्ही टोकं थेट जोडतात. अंतर जास्त पडलं तर मध्ये दुसऱ्या शिरेचा किंवा कृत्रिम नळीचा तुकडा बसवतात. शीर असते बोटाएवढी जाड, पण तिची भिंत पातळ. केसासारख्या दोऱ्याने टाके घालून झाले, की शेवटची गाठ मुद्दाम सैल बांधतात. रक्त सुरू झाल्यावर शीर फुगते. दोऱ्याची गाठ घट्ट असेल तर जोड तिथेच आवळला जातो. हे सगळं होईपर्यंत आतड्यांचं रक्त अडलेलं असतं, म्हणून हात झपाझप चालावे लागतात.

मग निकाल काय? ऑपरेशन लांबतं, रक्तस्राव वाढतो, जोडावर गुठळी होऊ शकते. मध्ये तुकडा बसवला असेल तर ही भीती थेट जोडापेक्षा जास्त. पण अशी ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या केंद्रांत, नीट निवडलेल्या रुग्णांचं आयुष्य शीर न काढलेल्या रुग्णांच्या जवळपास जातं. गंमत अशी, की काढलेली शीर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर अनेकदा तिच्या भिंतीत कॅन्सर नसतोच. ती सुजेमुळे चिकटलेली असते. धमनीचं प्रकरण वेगळं. तिला गाठीने पूर्ण वेढलं असेल तर धोका खूपच वाढतो.

माझ्या मते घरच्यांनी शिरेच्या टाक्यांची चिंता थोडी कमी करावी. हा आजार परततो तो बहुधा आधीच दूर पसरलेल्या पेशींमुळे. म्हणून शीर धरली असेल तर बरेच डॉक्टर आधी केमो देतात. ऑपरेशननंतरच्या केमोचंही महत्त्व मोठं. 2018 च्या एका फ्रेंच-कॅनेडियन अभ्यासात चार औषधांचा एकत्रित केमो घेतलेले निम्मे रुग्ण सुमारे 54 महिन्यांहून जास्त जगले. एकाच जुन्या औषधावर हा आकडा 35 होता. अर्थात ते रुग्ण धडधाकट, निवडलेले होते.

आपल्याकडे खरा घोळ त्याआधीच होतो. या गाठीमुळे पोट न दुखता कावीळ झाली, अंग खाजतं, शौचाला पांढरट होतं, आणि माणूस कावीळ उतरवणाऱ्याकडे माळ घालायला जातो. तिथून सुटून जळगाव-धुळ्याला पोचला, की कावीळ कमी करायला घाईने पित्तनळीत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी छोटी नळी, पडतो. ताप, पित्तात जंतुसंसर्ग असेल तर तो लगेच हवाच. तसं नसेल तर आधी स्वादुपिंडाचा खास सीटी स्कॅन करून घ्यावा. स्टेंटनंतरच्या सुजेत गाठ आणि शीर यांच्यातली सीमा नीट दिसत नाही. मुंबईची गाडी पकडताना रिपोर्टच्या कागदाबरोबर त्या स्कॅनची सीडीही पिशवीत हवी. शीर जोडायची की नाही, हे सर्जन त्या चित्रांवरूनच ठरवतो.